मातीत काय घातलं?

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी चूल थापत होते. हात मातीचे, तसाच फोन कानाला लावला. तिचा नवरा म्हणाला, "मावशी, डोक्यातली शीर फुटली... दवाखान्यात नेईपर्यंत आटपलं सगळं." मी रडले नाही. अर्धी राहिलेली चूल पुरी केली, मग बस धरली. त्याला दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, फार शांत बाई होती. नव्हती. माझ्या बहिणीची पोरगी ती, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिचा राग मी पाहिला आहे, आणि त्या दिवशी चूक माझी होती.

मी मुकुटबनकडच्या एका गावात चुली करून बाजारात विकते. चौथी शिकले. काही वर्षांमागे वंदना आली आणि आमच्या नाल्याकाठची पांढरी चिकणमाती मागू लागली. सिमेंट कारखान्याच्या धुराड्यातून जो वायू निघतो, ज्यानं हवा तापत चालली आहे, तो ही माती धरते म्हणाली. मातीत डोळ्यांना न दिसणारे पदर असतात, त्यांत तो अडकतो. माती तापवली की सुटतो, तेव्हा वेगळा साठवायचा आणि माती पुन्हा वापरायची. मी म्हटलं, "माती पाणी धरते हे मले माहीत आहे. धूर धरते हे तूच सांगून राह्यली." "धूर नाही वो मावशी, धुरातला वायू!" तिला हरभऱ्याएवढ्या भाजलेल्या गोळ्या हव्या होत्या. मी करून देऊ लागले.

पहिल्या गोळ्यांनी फारसं काही धरलं नाही. दुसऱ्या खेपेच्या गोळ्यांनी इतका वायू धरला की ती फोनवर ओरडलीच. किती वायू धरला तो आकडा घेऊन ती कारखान्यात गेली. साहेब म्हणाले, आमच्यासमोर करून दाखवा. तोच आकडा आला तर धुराड्याजवळ प्रयोगाला वर्षभर जागा देऊ, नाही तर पुन्हा येऊ नका.

त्या दिवशी तिनं मलाही गाडीत घेतलं. गोळ्यांचा डबा माझ्या मांडीवर. धुराडं दिसायला लागलं तशी म्हणाली, "कोणी विचारलं तर सांगजो, आपल्या नाल्याची नुसती माती आहे."

"नुसती कुठं? कुटार आहे ना तिच्यात."

तिनं गाडी बाजूला घेतली. "काय?"

"पयल्या गोळ्या चिरल्या. मंग चुलीच्या मातीत टाकतो तसं बारीक कुटार टाकलं, सोयाबीनचा भुसा."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू कुठं विचारलं? चिकणमाती म्हटली की कुटार आलंच."

तिनं गाडी बंद केली. मग दात आवळून समजावलं... कुटार भाजताना जळून कोळसा होतं, आणि कोळसाही वायू धरतो. म्हणजे तो आकडा मातीचा की कोळशाचा, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. मी म्हटलं, "कोणाले समजते? गोळ्या त्याच, आकडा तोच येईल." तिनं माझ्याकडे पाहिलं. असं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही. मी डबा घट्ट धरला.

आत साहेब घड्याळ बघत होते. वंदनानं वायू मोजायच्या यंत्राला हात लावला नाही. उभ्यानंच म्हणाली, "गोळ्यांत भुसा आहे. मला आत्ता कळलं. हा आकडा मातीचा नाही." एक तरुण इंजिनिअर हसला, "म्हणजे मॅडम, माती नाही, भुसा बोलून राह्यला!" मोठे साहेब हसले नाहीत. उठून गेले.

'तुझ्यामुळं झालं' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. चार महिने फिरकली नाही. मीही फोन केला नाही, मी पाया पडणारी नाही. पाचव्या महिन्यात आली आणि दारातूनच म्हणाली, "मावशी, आता दोन डबे. एक नुसत्या मातीचा, एक कुटाराचा."

नुसती माती अगदी थोडा वायू धरायची. वंदना ती कधी आम्लात भिजवून बघे, कधी कमी-जास्त भाजून. आकडा मुंगीच्या पावलानं वाढत होता. कारखान्यानं पुन्हा बोलावलं नाही. पण त्यानंतर प्रत्येक डब्यावर ती कागद चिकटवायची. माती कुठली, कधी भाजली, आणि तिसरी ओळ, 'काय घातलं'. ती ओळ मला विचारल्याशिवाय भरायची नाही. मी 'काही नाही' म्हटलं तरी पुन्हा विचारायची.

"आता शपथ घेऊ काय?"

"शपथ नको. आठवून सांग."

शेवटच्या डब्यावरच्या कागदात दोनच ओळी भरल्या होत्या. रविवारी येते म्हणाली होती... आता कॉलेजचे लोक डबे न्यायला येणार आहेत. ते काही विचारणार नाहीत. परवा मी तो डबा फळीवरून खाली घेतला. एक गोळी फोडून आत कोळसा दिसतो का पाहिलं, दुसरी फोडली. आठवलं नीट. मग पेन शोधला आणि तिच्या 'काय घातलं'पुढं माझ्या अक्षरात लिहिलं, 'काही नाही'.