हिरवी बादली

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने आपले उभे आयुष्य कचऱ्यात घालविले आहे. हसायला हरकत नाही. माझे विद्यार्थीही हसत. कचऱ्याच्या खड्ड्याच्या तळाशी चिकणमातीचा ठासलेला थर का हवा, हे समजावताना मी खड्डा, माती आणि पाऊस अशा तिन्ही भूमिका एकट्याने वठवायचो.

या नाटकाचा पहिला अंक मात्र आईच्या विहिरीवर झाला. सत्तरच्या दशकात, मंगरूळपीरकडच्या आमच्या गावात. मी नवाकोरा प्राध्यापक, सुटीवर आलेला. वडील गेलेले, भावंडं पांगलेली, घरात आई एकटी. पण उजाडलं की गल्लीतल्या बाया विहिरीवर हजर. घागरी भरायला जरासा वेळ, बोलायला उदंड. आईचा अख्खा दिवस त्या गप्पांवर निघायचा.

त्या पावसाळ्यात गल्लीत कावीळ पसरली. वरच्या अंगाला दगडाची जुनी खदान होती. गावाचा कचरा, मेलेली ढोरं, सगळं तिच्यात. तिथली घाण झिरपत विहिरीत येत असावी, अशी शंका मी बोलून दाखवली. आई खवळली.

"मंधात एवढा खडक आहे. कचऱ्याले काय पाय फुटले?"

"खडकाला भेगा असतात, आई."

"हे शिकवतं तू पोट्ट्यायले? बिचारे!"

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेला हिरवा रंग मी खदानीतल्या पाण्यात ओतला. रोज सकाळी आई पहिली बादली माझ्या नाकासमोर धरायची, "पाह्य, दिसते का काही?" आणि बाया फिदीफिदी हसायच्या.

एके दिवशी शेजारणीने बादली ओढली, ती हिरवीगार.

"मावशी वो, तुमच्या पोट्ट्यानं विहिरीतच होळी खेळली!"

सगळ्या खो खो हसल्या. माझं बरोबर ठरलं म्हणून मीही हरखलो, आणि हा रंग खदानीतून आलाय, हे टाळी वाजवून सांगून टाकलं. हसू जागीच थांबलं. जिच्या लेकाला कावीळ झाली होती, तिने भरलेली घागर पालथी केली. मग दुसरीने. आईकडे न बघता, पदर सावरत, एकेक जण निघून गेली.

आई ओला दोर हातात धरून उभी होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पाणी मी लांबून आणून देईन, आई."

"पान्याचं कोन रडते?" ती एकदम ओरडली. "उद्यापासून मायाशी बोलाले कोन येईन रे?"