शेजारच्या वर्गातल्या बाई

नेवाशाच्या आमच्या शाळेत त्या आणि मी, दोघंही इतिहास शिकवतो. वर्तमानपत्र हातात घेतलं की त्या फुटाणे खात म्हणतात, "हे आधी कुठंतरी झालंय." मग कुठं, तेही सांगतात. पुस्तकं मीही तीच वाचली आहेत. मला ऐन वेळी काही आठवत नाही. त्यांचा तो शांत सूर मला सहन होत नाही.

मागच्या महिन्यात स्टँडवर दोन फिरस्त्या बायकांना गर्दीनं घेरलं. पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. मी पोलिसांना फोन लावत होतो, तेवढ्यात बाई गर्दीत शिरल्या आणि त्या दोघींच्या शेजारी जाऊन बसल्या.

"युरोपात अशाच बायांना चेटकिणी म्हणून जाळलं," त्या म्हणाल्या. "जाळणाऱ्यांनाही वाटायचं, आपण पोरं वाचवतोय."

"म्हंजी मेसेज खोटा हाय व्हय, मॅडम?" पुढं उभ्या असलेल्या एकानं विचारलं.

"कुणाचं पोर गेलंय, तेवढं सांगा."

पोलीस येईपर्यंत गर्दी पांगली होती.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं.

"तुम्हीपण तेच शिकवता ना?" तिनं सहज विचारलं.

"त्यांचा तास सकाळी असतो," मी म्हणालो. "तेव्हा मुलं ताजी असतात."