पुसलेलं उखळ

वेफरच्या पाकिटावर 'मसाला फ्लेवर' वाचलं की मला वाटतं, कुठंतरी पाणी मुरतंय. मसाला घातलाय तर सरळ मसाला म्हणा की. लेक समजावते, जिभेला कळते ती चव, नाकाला कळतो तो वास, दोन्ही मिळून फ्लेवर. असेल बाई.

स्वभावच माझा संशयी. आई गेली त्या उन्हाळ्यात काळा मसाला कुटायला गोरेगावच्या कांडपावर मी पहिल्यांदा एकटी गेले. धने, दगडफूल, खोबरं, सगळं आईच्याच मापानं भाजून नेलं होतं. कांडपवाली मावशी फार गोड बोलत होती, तिथंच मला शंका आली. दुसरीचा उरलासुरला मसाला माझ्यात मिसळील म्हणून मी तिला उखळ फडक्यानं दोनदा पुसायला लावलं, वर ते साफ निघावं म्हणून त्यात मूठभर ज्वारी कुटून घेतली आणि शेवटपर्यंत समोरून हलले नाही.

घरी आमटी केली. बाबांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "ही तुझ्या मायची चव न्हाई," म्हणाले. तेव्हापासून वाटीभर दुधात अर्धी भाकर चुरायची, एवढंच त्यांचं जेवण. सदरा अंगावर लोंबायला लागला तशी मला भीती वाटू लागली. माप चुकलं नव्हतं, म्हणजे मावशीनंच हात मारला, हे मी ठरवून टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात भांडायच्या तयारीनंच गेले. "माझ्या मसाल्यातलं काय काढून घेतलं तुमी?"

"मी काहून काढू?" मावशी मिरच्या ओतत म्हणाली. "तूच उखळ पुसायला लावलंस. तुझी माय कधी पुसू देत नव्हती. तांड्यावरची एक बाई येती, कारळं भाजून टाकती मसाल्यात. माय तिची वाट बघत बसायची, बराबर तिच्या मागंच नंबर लावायची. उखळात राहिलेलं तिचं मूठभर आपल्यात येऊ दे म्हणायची."

माझी मान खाली गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी वर्षभर मी या बाईला शिव्या घालत होते. बाबांच्या तोंडचा घास मीच फडक्यानं पुसून घेतला होता.

तांड्यावरची बाई दुपारी आली. तिचं कुटून झालं, मावशीनं फडकं उचललं आणि माझ्याकडं बघितलं.

"राहू द्या," मी म्हणाले.

संध्याकाळी बाबांनी आमटीचा घास घेतला. दुधाची वाटी हातानं बाजूला सारली.