ऑपरेशनआधीची अकरा कामं

माझा देवावर विश्वास होता, पण तो देवानं माझं ऐकावं एवढ्यापुरताच होता, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. त्याआधी कुणी विचारलं असतं तर मी स्वतःला भक्तच म्हटलं असतं. मंगळवार-शुक्रवार न चुकता येमाईच्या देवळात जाणारी, बायकांच्या भजनात पहिला सूर धरणारी मी. पण आतून मी फार घाबरट. दार लावलं का, गॅस बंद केला का, पोरगी पोचली का, हे तीनतीनदा बघणारी. देवीपुढं हात जोडायचे तेही असंच काहीतरी तपासून घेतल्यासारखे.

गेल्या वर्षी दिवाळी उलटली आणि गळ्याच्या उजव्या बाजूला एक गाठ हाताला लागली. मी कवठे येमाईच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवते. दिवसभर मुलांना गाणी म्हणून दाखवायची, तेव्हा घसा दुखणं नवं नव्हतं. पण ही गाठ गिळताना वर-खाली व्हायची. पुण्याच्या डॉक्टरांनी सुई टोचून तपासलं. गाठ थायरॉइडची आहे, नक्की कशी आहे ते काढल्यावरच कळेल, असं ते म्हणाले. आवाजाची नस तिथूनच जाते, आम्ही जपून काढू, पण आवाज बदलू शकतो, एखाद्याचा बसतोही, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. ऑपरेशनला तीन आठवडे होते. घरी येईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही. उगाच आवाज खर्च होईल असं वाटत होतं.

माझी लेक सायली रांजणगावच्या एका कंपनीत ऑफिसला आहे. तिच्या ट्रेनिंगमध्ये कुणीतरी सगळ्यांना आयुष्यात काय काय करायचंय ते लिहून काढायला लावलं होतं. मी रात्रंदिवस गळा चाचपत बसलेली बघून ती म्हणाली, "मम्मी, तू पण लिही. डोकं दुसरीकडं लागेल." मी पोषण आहाराच्या जुन्या रजिस्टरचं मागचं पान घेतलं आणि लिहीत गेले. अकरा कामं झाली. समुद्र बघायचा. अंगणवाडीची भिंत स्वतःच्या हातानं रंगवायची. एक जाड पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं. पोहायला शिकायचं. स्कूटरवर एकटीनं तालुक्याबाहेर जायचं. अशी दहा लिहून झाल्यावर पेन थांबलं, आणि मग अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलं, आक्काला भेटायचं.

आक्का माझी थोरली बहीण, भीमेपल्याड राहू गावात दिलेली. आई लवकर गेल्यानं तिनंच माझी वेणी घातली, तिनंच मला शाळेत घातलं. सहा वर्षांपूर्वी दाजी पुण्याच्या दवाखान्यात महिनाभर होते आणि तिथंच गेले. त्या महिन्यात आक्कानं मला चारदा निरोप धाडला, की एक दिवस तरी येऊन बस. मी गेले नाही. अंगणवाडीची तपासणी, घरचं आजारपण, अशी कारणं सांगितली. खरं कारण एवढंच, की मला दवाखान्याच्या वासाची, नळ्यांची, बाकावर वाट बघत बसण्याची भीती वाटायची. दहाव्याला गेले तेव्हा आक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "तू आली न्हाईस." त्यानंतर आम्ही बोललो नव्हतो.

यादी केली आणि माझी काळजी कमी व्हायच्या ऐवजी तिला अकरा तोंडं फुटली. रोज सकाळी देवळात जायचं, देवीपुढं तो कागद धरायचा आणि म्हणायचं, आई, एवढं होऊ दे, मग काय करायचं ते कर. आमच्या ह्यांनी एक दिवस रजा टाकली आणि समुद्र दाखवून आणला. सहा तास जायला, सहा तास यायला. तिथं उभी असताना मला आठवतंय ते पाणी नाही, तर खूण करायला पेन घरी राहिलं ही चुटपुट. भिंत रंगवली, तिच्यावरचा मोर घाईत एका पायाचा झाला. पुस्तकाची पानं मोजत वाचलं, आत काय होतं ते विचारू नका. पोहण्यासाठी विहिरीच्या काठापर्यंत गेले आणि परत आले. भजनात सूर लावला की मनात यायचं, हा शेवटचा तर नाही? मग तो सूर हलायचा, शेजारच्या बायका वळून बघायच्या. देवीच्या मुखवट्याकडं बघितलं तरी मला ती माझी यादी वाचतेय असंच वाटायचं.

ऑपरेशन सोमवारवर आलं. आधीच्या गुरुवारी ह्यांना फर्स्ट शिफ्ट होती. रविवारी मी नेतो आक्कांकडं, असं ते म्हणत होते. पण रविवारी दुपारीच मला दाखल व्हायचं होतं, आणि मनात दुसरीही एक गोष्ट होती. हे सोबत असले की मी त्यांच्या मागं लपणार, पाहुण्यासारखा चहा पिऊन परत येणार, हे मला ठाऊक होतं. तेव्हा दोन कामं एकदम उरकावीत म्हणून मी सकाळी सायलीची स्कूटर काढली. त्याआधी मी ती गावातले रस्ते सोडून कुठं नेली नव्हती.

मलठण, रांजणगाव, न्हावरा, सगळं कडेकडेनं गेले. कंपन्यांच्या बसेस अंगावरून गेल्यासारख्या जायच्या, तेव्हा मी गाडी थांबवून त्यांना वाट द्यायचे. बहिणीला काय म्हणायचं त्याची उजळणी चालली होती. आक्के, माझं चुकलं, मी घाबरले होते, मला माफ कर. तीनच वाक्यं, पण दर खेपेला एखादं विसरायची.

भीमेवरचा पूल आला. ऊसतोडीचे दिवस, समोरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येत होता आणि मागंही तसाच एक. मधल्या जागेत मी आणि बाजूला तो बुटका कठडा. पुलाच्या मध्यावर माझी नजर खाली पाण्याकडं गेली आणि सगळं फिरायला लागलं. मी ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकले आणि गाडी बंद केली. हात हँडलवरून सुटेनात. मागचा ट्रॅक्टर हॉर्न देऊ लागला. पुढं जाता येईना, मागं वळता येईना. त्या घडीला यादीतलं एकही काम मला आठवलं नाही, हे मी खरं सांगते. सोमवारही आठवला नाही. आई, मला पुलापल्याड ने, एवढंच मनात आलं. बदल्यात काही कबूल करायलाही सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवीशी सौदा न करता बोलले असेन.

तेवढ्यात माझ्या हातावर एक हात पडला. साठीच्या पुढची एक बाई होती, डोक्यावरून ओढणी, हातात रिकामी दुधाची किटली. तिनं आधी मागच्या ट्रॅक्टरवाल्याला थांबायची खूण केली, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, आधी दम घे. कुनी खात न्हाई तुला."

मी नुसती मान हलवली. तिनं काही विचारलं नाही. माझ्या गाडीपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता चालू कर. मी म्होरं चालते. पान्याकडं बघू नगं, मागं बघू नगं. निस्त्या माझ्या टाचा बघ."

आणि ती चालू लागली. तिच्या चालीनं मी मागोमाग गाडी सरकवत राहिले. पुढून ट्रॉल्या घासून गेल्या, मागून ट्रॅक्टर घरघरत येत राहिला. मी बघत होते त्या फक्त तिच्या टाचा. भेगाळलेल्या, धुळीच्या, एकीला वाळलेला चिखल लागलेला. वर्षानुवर्षं मी देवीच्या पायांवर डोकं ठेवत आले होते. पण माझ्यापुढं चालणारे पाय त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

पूल संपल्यावर तिनं मला बाजूला थांबवलं. माझं रडू फुटलं आणि त्या रडण्यात ऑपरेशनपासून आक्कापर्यंत सगळं अनोळखी बाईपुढं सांगून गेले. तिनं ऐकून घेतलं. तुम्ही नेमक्या कशा आलात मावशी, असं मी विचारलं, तर ती म्हणाली की पलीकडं दुधाचा रतीब घालून ती रोज याच वेळेला परत येते. मग किटली या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "इथवर आलीस न्हवं? मग बहिनीपतुर बी जाशील. नीट जा."

राहूला आक्काच्या दारात पोचले तेव्हा ती अंगणात बसून गहू निवडत होती. मी गाडी लावली, तिच्यापुढं जाऊन उभी राहिले, आणि ती तीन वाक्यं कुठंतरी निघून गेली. तोंडातून आवाज निघेना. आवाज जाण्याआधी बोलून घ्यायचं म्हणून एवढी धडपड केली, आणि तो तिथंच गेला. आक्कानं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन पाणी आणलं आणि मी पिऊन होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "तू घाबरट हायेस हे मला तवा बी ठावं व्हतं. तरी मी रोज दाराकडं बघायची. राग तुझा न्हवता गं इतका. त्या वाट बघन्याचा व्हता."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. माफी मागायची राहूनच गेली. नंतर हळूहळू गाठीचं सांगितलं. तिनं माझी हनुवटी वर करून गळा बघितला, लहानपणी टॉन्सिल सुजले की बघायची तसा. कवा हाय, म्हणाली. सोमवारी, म्हटलं. मी येते, म्हणाली. इतकंच. मग सांगणं भाग होतं म्हणून मी दवाखान्याचं नाव सांगितलं. ते दाजी गेले तेच होतं. इतक्या दिवसांत मला सगळ्यात जास्त भीती या नावाचीच वाटत होती. आक्कानं पदरावरचा गव्हाचा कोंडा झटकला.

"बरं हाय," ती म्हणाली. "मला तिथलं समदं ठावं हाय."

आणि खरंच तिला सगळं ठाऊक होतं. प्यायचं पाणी कुठं, कुठली लिफ्ट चालते, कुठल्या सिस्टर समजावून सांगतात. म्हशी शेजारणीवर सोपवून ती आली होती. मला आत नेताना तिनं माझा हात धरला नाही, फक्त म्हणाली की मी इथंच हाय, बाकावर. त्या बाकावर ती सहा वर्षांपूर्वी एकटी बसली होती, हे तिनं सांगितलं नाही, पण मला कळलं. गुंगी चढताना मी देवीला काही मागितलं नाही. मागायचं आठवलंच नाही.

गाठ साधी निघाली. आवाज मात्र पहिल्यासारखा राहिला नाही. आता तो जरा घोगरा आहे, वरच्या पट्टीत जात नाही. भजनात पहिला सूर दुसरी बाई धरते, मी टाळ वाजवते. पहिले दोन महिने त्याचं वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण ऑपरेशननंतर आक्का पंधरा दिवस माझ्याकडं राहिली. मला बोलायची बंदी होती, म्हणून सगळं तीच बोलायची. आईच्या आठवणी, मला माहीत नसलेल्या कितीतरी. माझ्या जन्माच्या वेळी आईनं येमाईला काय नवस बोलला होता तेही मला तेव्हा कळलं. यातलं काहीच मी कधी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, कारण असं काही मिळायचं बाकी आहे हेच मला माहीत नव्हतं.

बरी झाल्यावर आक्काला सोडायला गेले तेव्हा पुलापलीकडं चौकशी केली. दुधाची किटली घेऊन चालत जाणारी बाई म्हटल्यावर कुणीही सांगितलं, शमीमबी. काही लोक मला म्हणाले होते की ती बाई परत सापडायचीच नाही, देवीच होती ती. ती सापडली. शेळ्यांना पाला टाकत होती. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला, आणि मला ते फार बरं वाटलं. तिच्या लेखी ते एवढंसं काम होतं. पण देवीनं मला तारलं, या माझ्या म्हणण्यात त्यानं काही उणं झालं नाही. रोज त्या वेळेला त्या पुलावरून एक बाई चालत येते, माझ्या जन्माआधीपासून कदाचित तिची आई येत असेल, आणि मी घरी बसून यादी करत होते.

चहा पिताना दिसलं की कप ठेवायला ती जागा चाचपत होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. लेक लांब, नवरा नाही, आणि दवाखान्यात एकटीनं जायची तिलाही भीती वाटत होती. पुलावर माझी भीती तिनं न विचारता ओळखली, ती कशी, ते मला त्या वेळी उमगलं.

फेब्रुवारीत दौंडला तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिच्यासोबत मी गेले. तिला आत नेलं, दार लागलं, आणि बाहेरच्या बाकावर मी बसले. तोच वास होता, तेच पांढरे दिवे. दोनदा वाटलं, जरा बाहेर जाऊन येते, पाणी पिऊन येते. देवी माझी भीती काढून घेईल असं मी इतकी वर्षं समजत होते. तिनं ती काढून घेतलेली नाही. तिनं मला बसवून ठेवलं. आतून नर्सनं डोकावून विचारलं की शमीमबीचं कोण आहे. मी उभी राहिले आणि माझ्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी हाय."