कुलदीपचं स्थळ

पांढुर्ण्यात त्या उन्हाळ्यात एकच कुजबुज होती. प्रेमलताबाईंनी म्हणे पोरीचं ठरत आलेलं स्थळ मोडलं आणि होणारा इवाई, म्हणजे मुलाचा बाप, स्वतःच पळवला. भाजीबाजारात वांगी निवडता निवडता बाया हे सांगत, आणि ऐकणारीचं वांगं हातातच राही. जाम नदी ओलांडून सावरगावला पोचेपर्यंत त्यात पळून जायची मोटारसायकलसुद्धा आली होती.

सुरुवात झाली ती सुचितापासून. ही बाईंची एकुलती एक, वय तेहतीस, सौंसरच्या बिजली ऑफिसात नोकरीला, रोज बसनं जाणं-येणं. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. तेव्हापासून आईचा सगळा जीव लेकीच्या डब्यात, लेकीच्या फोनात आणि लेकीच्या लग्नात. जेवायची सुट्टी झाली की फोन वाजायचाच.

"भेंडी खाल्ली का? का वाटून देल्ली?"

ऑफिसातल्या शिपायाच्या भाचीचं लग्नही बाईंनी फोनवरूनच जमवलं होतं. गावात कोणाच्या पोरीला स्थळ आलं की मुलाचं घर पाहायला बाईंना न्यायचं, अशी रीतच पडून गेलेली. बाई मुलाकडे ढुंकून पाहत नसत. थेट स्वयंपाकघरात शिरून लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत. बुरशी दिसली की नकार, मग मुलगा कलेक्टर का असेना.

अशात सुचिताला बढती आली, जबलपूरला. मागच्या वर्षी आली होती तेव्हा आईकडे पाहून तिनं नाही म्हटलं होतं. आता एक जूनला हजर व्हायचं होतं, आणि पुन्हा नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा कोणी विचारणार नव्हतं. तिला जायचं होतं, फार जायचं होतं. पण आपण गेल्यावर आई त्या रिकाम्या घरात भेंडीचं कोणाला विचारेल, एवढ्यावर येऊन पाय अडायचा.

ऑफिसात मनोहरराव कामडी येत. तिथूनच रिटायर झालेले, बायको जाऊन चार वर्षं झालेली. रोज अकराला येऊन कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर लोड जास्त आहे ते कोणी न विचारता सांगत. ही न विचारता सांगायची खोड सुचिताला घरची वाटली आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला.

आईला दुसऱ्या लग्नाचं सरळ विचारलं असतं तर बाईंनी पंधरा दिवस अन्न सोडलं असतं. म्हणून एका संध्याकाळी सुचिता म्हणाली, "आई, सौंसरात एक स्थळ आहे. पोरगा पुण्याले असते. कुलदीप. बाप घरी एकटाच आहे. घर पाहून येतं का?"

लेक आपणहून स्थळाचं बोलते आहे हे बाईंना नवीन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये त्या खिडकीजवळ बसलेल्या.

मनोहररावांना सुचितानं सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. ते घाबरले होते. "मले खोटं बोलता येत नाई, बाई."

"मग बोलू नका. आई कोणाले बोलूच देत नाई."

तसंच झालं. बाईंनी बरणी उघडली. आत बुरशी. नेमाप्रमाणे तिथूनच परत फिरायचं, तर या पदर खोचून बरणी घासायला बसल्या.

"इवाई, लोणच्यात ओला चमचा कोण घालते?"

"मीच घालतो."

"काहून?"

"कोरडा सापडत नाई."

घरी आल्यावर बाई तासभर चमच्यांवरच बोलत होत्या. सुचितानं हळूच विचारलं, "स्थळ कसं आहे मग?"

"घर चांगलं हाय. माणूस अडाणी हाय. पुन्हा जा लागते."

कुलदीपचं नावसुद्धा निघालं नाही.

मग बाई पुन्हा गेल्या आणि जातच राहिल्या. एप्रिलात तर कुरड्यांचा सोऱ्याच घेऊन गेल्या. कुरड्या म्हणजे दोन माणसांचं काम, एकानं गव्हाचा चीक ढवळायचा आणि दुसऱ्यानं गरम गरम दाबायचा. सहा वर्षांत बाईंनी त्या केल्या नव्हत्या, कारण दाबणारा गेला होता. आता मनोहररावांच्या गच्चीवर बाई चाटू फिरवत होत्या आणि मनोहरराव घामाघूम होऊन सोऱ्या दाबत होते.

"गोल फिरवा, इवाई. खांबावरून तार वढून राहिले का तुमी?"

हे समोरच्या घरानं ऐकलं. इवाई दिसतो, मुलगा काही दिसत नाही, एवढं सौंसरला पुरलं. पांढुर्ण्याला तर उरलं.

मे संपत आला तेव्हा ऑफिसातल्या अमितामॅडमनी सुचिताचा हात हातात घेतला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्यासंग फार वाईट झालं गं." सुचिताला हसू आवरेना आणि भीतीही वाटली. घरी येऊन ती आईसमोर बसली. बाई डब्यात कुरड्या भरत होत्या.

"आई, कुलदीप नाई. मीच बनवला त्याले."

बाईंचा हात थांबला नाही. "जबलपूरले कळवलं का?"

"तुले कोणी सांगतलं जबलपूरचं?"

"तुया फोनानं. जायाचं हाय ना तुले? जाय मग. मी इकडं कामात हाय."

"लोक काय काय बोलून राहिले, माहीत आहे?"

"चाळीस वर्षं मी लोकायबद्दल बोलली. आता त्यायची पाळी. हा डबा घेऊन जाय, आणि तिकडं वाटू नको."

सुचिता एक तारखेला जबलपूरला हजर झाली. जूनच्या शेवटी चार माणसांत प्रेमलताबाई आणि मनोहररावांचं लग्न झालं, तेव्हा ती दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती.

खरी गोष्ट अशी. मनोहररावांना मुलगा नाही. एक मुलगी आहे, ती लोधीखेड्याला दिली आहे. प्रेमलताबाईंना हे पहिल्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण त्यांनी लोधीखेड्याला फोन करून विचारलं. त्यानंतर त्या सौंसरला अकरा वेळा गेल्या.