बोनेटवरचा गुणवंतराव

गुणवंतराव आमच्याकडे वजनाच्या कामावर होता. हसू नका. माणसं हमालीच्या कामावर असतात, राखणीच्या कामावर असतात, तसा हा वजनाच्या कामावर. पिकअपच्या बोनेटवर बसायचं आणि जड राहायचं, एवढंच त्याचं काम. पण त्या माणसाने ते ज्या तोऱ्यात केलं, तेवढ्या तोऱ्यात आमच्या गावात कोणी सरपंचकीसुद्धा केली नाही.

माझा धंदा पाळण्याचा. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, पुढे महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. तिथं तुम्ही आठ डब्यांचा आकाशपाळणा पाहिला असेल, वर निळा रंग उडालेला, तर तो माझा. हा पाळणा न्यायला मी चंद्रपूरच्या भंगारातून एक ट्रेला आणला. मागे हुकाला बांधून ओढायचा नव्हे. याची मान लांब. ती मान पिकअपच्या हौद्यावर येते आणि मानेखालचा खुंटा हौद्यातल्या लोखंडी तबकडीत अडकतो. मोठ्या ट्रेलरला असतं तसंच, फक्त लहान. आता मोठ्या ट्रेलरचा घोडा, म्हणजे ओढणारी गाडी, त्याच कामासाठी बनलेला असतो. माझी पिकअप भाजीपाला वाहायची. तिचा हौदा आखूड.

तिथंच सगळी भानगड झाली. तबकडी पुढे बसवली, तर वळणावर ट्रेल्याचा कोपरा केबिनवर आदळायचा. पहिल्याच दिवशी चामोर्शीच्या चौकात आदळला आणि मागची काच माझ्या मानेवर सांडली. मग आमच्या मुखरू वेल्डरने तबकडी मागे सरकवली, मागच्या चाकाच्याही मागे. काच वाचली, पण सगळा भार शेपटीवर गेला आणि पिकअपचं तोंड वर उचललं. चढावर पुढची चाकं जमिनीला नुसती चाटायची. स्टेअरिंग फिरवा की काही करा, गाडी आपली सरळच.

मुखरूने तेव्हाच सांगितलं होतं, की ट्रेल्याचे पुढचे दोन्ही कोपरे तिरपे कापू, तबकडी परत पुढे घेऊ, भानगडच मिटेल, अर्ध्या दिवसाचं काम आहे. हे तेवढं लक्षात ठेवा. मी म्हटलं, मंडई तोंडावर आली, पुढच्या साली पाहू. आत्ता समोर कोणीतरी जड माणूस बसवा.

असं म्हटल्यावर तिथल्या सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. मुखरूच्या दुकानासमोरच्या ओट्यावर गुणवंतराव बसला होता.

तो रोजच बसायचा. दुसरं करणार काय? धानाच्या बांधीत उतरला की गुडघ्यापर्यंत रुतायचा आणि काढायला दोन माणसं लागायची, म्हणून रोवण्याला, भातलावणीला, कोणी बोलवत नव्हतं. मोहफुलं वेचायला वाकता येत नव्हतं. बायको चंदाबाई लोकांच्या बांधीत राबायची आणि हा तिचं खायचा, हे त्याला गावात कोणी ऐकवलं नाही असं नाही. मीही ऐकवलं आहे, चारचौघांत, जेवत असताना.

त्या दिवशी तिघांनी धरून त्याला बोनेटवर चढवलं. पत्रा करकरला, तोंड खाली आलं, चाकं जमिनीवर बसली. त्याने घाबरत विचारलं, “दाबलं का?”

मुखरूने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, “दाबलं.”

काय चेहरा झाला बाप्पा त्याचा! आपल्या अंगाचा कोणाला उपयोग आहे, हे त्याला बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी घरी जाऊन त्याने चंदाबाईला म्हणे असं सांगितलं, की मी नाही तर पाळणा गावाबाहेर निघत नाही.

तेव्हापासून चार वर्षं तो बसला. डांबरी मोठ्या रस्त्यावर पोलिसांची भीती, म्हणून तिथं केबिनमध्ये. जंगलातला रस्ता लागला, चढाव आला, की बोनेटवर. दर वेळी चढून बसल्यावर विचारणार, दाबलं का. मी दाबलं म्हटल्याशिवाय पुढे बघणार नाही. गावात शिरलो की पोरं मागे धावायची, बाया घरातून बाहेर यायच्या. पाळणा पाहायला नंतर, आधी गुणवंतराव पाहायला. तो सगळ्यांना हात जोडायचा, निवडून आल्यासारखा. मला फुकटात जाहिरात होत होती. कोपरे कापायचं मी नाव काढलं नाही.

वजन करायची रीतही मीच पाडली, गंमत म्हणून. दिवाळीच्या पाडव्याला राईस मिलच्या काट्यावरची धानाची पोती बाजूला सारायची, त्याला वर चढवायचं आणि मिलवाल्याने आकडा ओरडायचा. पहिल्या साली एकशे अठरा. दुसऱ्या साली एकशे एकवीस, तेव्हा टाळ्या पडल्या. मी सर्वांसमोर म्हणायचो, शंभराच्या खाली आलास तर जागा गेली समज. लोक हसायचे. तोही हसायचा. पण त्याने ते बोलणं हसण्यावारी घेतलेलं नव्हतं, हे मला कळायला हवं होतं.

चौथ्या साली उन्हाळ्यात तो पाणी फार प्यायला लागला. लघवीला दहादा जायचा. दवाखान्यात शुगर निघाली. डॉक्टरांनी भात कमी करा म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. अंग झपाट्याने उतरलं. दुसरा कोणी खूश झाला असता. हा माणूस घरी रडला. चंदाबाईला म्हणाला, आता मला परत ओट्यावर बसवतील.

मग त्या बाईने काय करावं? वैनगंगेवरच्या एका ढिवराकडून जुन्या फेकजाळ्याचं शिसं मागून आणलं. जाळं तळाशी बसावं म्हणून काठाला लावतात ना, ते. नवऱ्याच्या बंडीला आतून ओळीने खिसे शिवले आणि एकेक तुकडा भरून तोंडं टाचली. चौदा किलोची बंडी झाली. ती घालून तो पाडव्याला काट्यावर चढला, तेव्हा खुळखुळला. मिलवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी मिलवाल्याकडे. एकशे दहा भरलं. मी काही बोललो नाही. दया आली म्हणून नाही, उगाच मला चांगलं समजू नका. वजन ते वजन, मांसाचं असो की शिशाचं, एवढाच माझा हिशेब.

त्याच साली मी नवा जनरेटर घेतला आणि ट्रेल्याच्या मानेवर ठेवला, कारण जागा तिथंच होती. म्हणजे शेपटीवर आणखी भार. मला कळत नव्हतं का? कळत होतं. मंडया संपत आल्या तोवर गुणवंतराव आणखी उतरला होता, बंडी अंगावर लोंबत होती. आलापल्लीच्या पुढे एका चढावाला भर दुपारी गाडीचं तोंड उचललं. केबिनमधून मला नेहमी त्याची पाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी रस्ता दिसायचा. त्या दिवशी रस्ता दिसेनासा झाला आणि आभाळ दिसायला लागलं. मी स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. गाडी सरळ जाऊन सागाच्या झाडाला घासली. तो खाली पडला आणि उचललेलं चाक खाली आलं ते त्याच्या डाव्या पायावर.

मी उतरलो. आधी पाळणा पाहिला, मग पिकअप, मग गुणवंतराव. बंडी फाटून शिसं रस्ताभर पसरलं होतं. मंडईला जाणारे लोक थांबले. एका म्हाताऱ्याने विचारलं, की हा माणूस मासे धरायला चालला होता का. सगळे हसले. मी हसलो. त्याचा पाय चाकाखाली होता आणि मी हसलो, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग माझं डोकं फिरलं. चोर म्हटलं, फसवलंस म्हटलं, माझा पाळणा मोडला असता तर काय तुझ्या बायकोला फिरवलं असतं का डब्यात बसवून, म्हटलं. तो दुखण्याने पांढरा पडला होता. तरी त्याचं एकच चाललं होतं, “केबिनमधी नोका बसवू भाऊ. मी समोरच बसतो. अजून दाबतो.”

दवाखान्यात दोन बोटं काढली. शुगरमुळे जखम भरेना, मग पाऊल अर्धं काढलं. इकडे मी मार्कंड्याच्या जत्रेआधी गाडी मुखरूकडे लावली. त्याने कोपरे तिरपे कापले, वर पत्रा चढवला, तबकडी दीड हात पुढे घेतली. सकाळी लागला, जेवणाआधी मोकळा. मोकळ्या पटांगणात मी गाडी आवळून वळवून पाहिली. कोपरा केबिनजवळून हलकेच निघून गेला. तोंड जमिनीवर.

हे गुणवंतरावाला कोणी सांगितलं नाही. उलट गावातले टवाळ त्याच्या दारावरून जाताना म्हणायचे, की प्रफुल्लभाऊ तुझ्या वजनाची वाट पाहून राह्यला. प्रफुल्ल म्हणजे मीच, मला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, म्हणू दे, माझं काय जातं. आणि त्या वेड्याने ते खरं धरलं. गोळ्यांनी अंग उतरतं असं मनाशी ठरवून त्याने गोळ्या बंद केल्या. दोन्ही वेळ भात, वर गूळ. चंदाबाई भांडली, ताट लपवलं, पण तो ऐकेना.

पुढच्या दिवाळीचा पाडवा आला. मिलच्या आवारात माझी गाडी भरून उभी होती, मंडईला निघायची. फाटकातून गुणवंतराव आला, काठी टेकत, एका बाजूने चंदाबाईने धरलेला. कोणी बोलावलं नव्हतं. तो थेट काट्याशी गेला. मिलवाल्याने सवयीने पोती सारली.

“एकशे नऊ,” मिलवाला ओरडला आणि लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

त्याने बंडीची बटणं सोडली, दोन्ही बाजू फाकवून मला आतलं अस्तर दाखवलं. एकही खिसा नव्हता. “पाहा भाऊ. आता सारं माह्यं आहे. वजन वापस आलं.”

मी त्याचे पाय पाहत होतो. पोटऱ्या तुकतुकीत ताणलेल्या. चंदाबाईने जिथं धरलं होतं तिथं दंडावर तिच्या बोटांचे खड्डे तसेच राहिले होते, भरून येत नव्हते. डोळे सुजेत बुडालेले. माझा बाप मूत्रपिंडाने गेला, अंगात साचलेलं हे पाणी मी ओळखतो. त्याला ते आपलं वजन वाटत होतं.

टाळ्यांच्या भरात तिघांनी त्याला बोनेटवर चढवूनही दिलं. तो आपल्या जागी बसला, दम लागला होता तो खाली बसू दिला, आणि मान वळवून मला विचारलं, “दाबलं का?”

कोपरे कापलेले दिसत होते, आंधळ्यालाही दिसले असते. मुखरू तिथंच होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. एकच शब्द बोलायचा होता. पण मला राग आला. कशाचा ते अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक त्याने मला त्या जागी आणून उभं केलं, याचाच.

“नाई,” मी म्हटलं. “काई दाबलं नाई. कोपरे कापले, तबकडी समोर घेतली. तुई गरज नाई आता. उतर.”

त्याने वाकून चाकाकडे पाहिलं, मागे वळून कोपऱ्याकडे पाहिलं. मग मुखरूला विचारलं, “किती दिवस लागले कापाले?”

“अर्धा,” मुखरू म्हणाला.

“पयलेच होत होतं का हे?”

मुखरूने जमिनीकडे पाहत सांगितलं, “होत होतं.”

गुणवंतराव उतरला. कोणाचा हात घेतला नाही. अर्ध्या पावलावर तोल गेला, तेव्हा त्याने काठीच धरली, चंदाबाईलाही नाही. मिलवाल्याकडून वजनाची चिठ्ठी मागून घेतली, घडी करून बंडीत ठेवली आणि फाटकाकडे चालायला लागला. चंदाबाई माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, शिव्या देईल. मी तयारच होतो.

ती एवढंच म्हणाली, “एक डाव दाबलं म्हनलं असतं, तं तुमचं का जात होतं भाऊ?”

पौषात गुणवंतराव गेला. मी तेव्हा अहेरीकडे होतो, पाळणा लावलेला, येणं झालं नाही. गाडी आता झकास चालते, कुठल्याही चढाला तोंड उचलत नाही. फक्त बोनेटवर तो बसायचा तिथं पत्रा खोल दबला आहे आणि चालवताना सारखा समोर दिसतो. मुखरू म्हणतो, ठोकून काढून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हणतो, पुढच्या साली पाहू.