मोरुपचा सातवा दिवस आणि गोबाची आतडी

कुंझेसला घाणीची भयंकर शिसारी, आणि नशिबी आली गरम झऱ्याच्या कुंडाची राखण. पाहुणे साबणाचा फेस करून जात, तो ती शिव्या घालत उपसायची. पण ते परके. झऱ्यातल्या ल्हूला, पाण्याच्या देवतेला, साबण सोसत नाही आणि रक्त तर मुळीच नाही, हे त्यांना काय ठाऊक?

तिचा धाकटा भाऊ मोरुप गुडघ्यांसाठी सहा दिवस कुंडात बसला होता. सलग सात झाले तर गुण. एक चुकला की सगळं पुढच्या वर्षी, पहिल्यापासून. आणि सातव्यानंतर दोनच दिवसांनी त्याला बकऱ्या घेऊन हिवाळी कुरणावर जायचं, पाच दिवस पायी.

सातव्या सकाळी ती झाडू घेऊन आली, तर काठावर गावचा गोबा, म्हणजे मुखिया, अंगचुक बाह्या सरसावून बकऱ्याची आतडी पिळत बसलेला. पाण्यावर चरबीचे तांबूस डोळे. मोरुप गळ्यापर्यंत बुडून जपात गर्क, आणि त्याच्या दाढीला काहीतरी हिरवट चिकटलेलं.

"गोबा-ले! हे काय?"

"उद्या लेकीचं लग्न ना. ह्या आतड्यांत रक्त भरून गिउमा करायचाय." गोबा सभेत बोलतो तसा नाकातून बोलला. "घरी पाणी तापवायचं म्हणजे दोन पोती शेण्या. इथं आयतं गरम मिळतंय. विचार कर, विचार कर."

"आणि साबणावर भाषणं कोण ठोकतं?"

"साबण म्हणजे रसायन! हे आपलं घरचं बकरं. घरचं."

कुंझेसनं झाडू आपटला. मोरुपनं डोळे उघडले, किंचाळला, पण उठेना. "आचे, वरवरचं काढ गं. तासाभराचा तर प्रश्न. बसू दे मला."

"ह्यात? गुडघे राहू दे, नोनो, ल्हू कोपून अंगभर फोड येतील."

तिनं कुंडाच्या बुडातला बुचाचा दगड उपसला. पाणी गुडगुडत गेलं, मागे चरबीचं कडं. कुंड पुन्हा भरायला उद्या उजाडणार. मोरुप उघडाच कुडकुडत म्हणाला, "आता बकऱ्या कोण नेणार?"

"ज्यानं तुझा सातवा दिवस नासवला तो."

"मी? मी गोबा आहे!"

"नेऊ नका मग. उद्या पंगतीत सांगते, गिउमा कुठं धुतला ते. मोरुपच्या दाढीसकट सांगते."

गोबानं आतडी बादलीत कोंबली.

"बकऱ्यांची कुत्री चावरी आहेत का?" त्यानं विचारलं.

कुंझेस श्वास कोंडून दगडावरची चरबी खरवडत होती.